सदर ग्रंथ उपयुक्त आहे

अकोल्याच्या कॉलेजात खुशालराव सरांच्या लाल पेनाची सगळ्यांना धास्ती. माणूस मनानं चांगला, पण भाषेचं सोवळं भारी. एम.ए.च्या मुलांकडून ते सटीप संदर्भसूची करून घेत. पुस्तकाचं नाव, आणि त्याखाली त्यात काय आहे न् काय राहिलं, याच्या चार ओळी. 'काय राहिलं ते लिहा' असं सर वर्गात सांगत आणि कुणी लिहिलंच तर खोडत.

दर्यापूरच्या गजालाचा विषय होता कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, राबणाऱ्या बाया. पहिल्याच पुस्तकाखाली तिनं लिहिलं, 'याच्यात बाया मोजल्या हायेत, पन एकीले बी बोलू देल्लं नाही. माही दादी जिनात होती. तिले विचारतो.' सरांनी सगळं खोडलं. घरची बोली प्रबंधात चालत नाही, आणि संदर्भ म्हणजे छापील पुस्तक, दादी नव्हे, असं त्यांनी चारचौघांत बजावलं. गजालानं मान डोलावली आणि प्रत्येक पुस्तकाखाली एकच ओळ लिहून आणली: 'सदर ग्रंथ उपयुक्त आहे.' सर खूश झाले. खरं तर तिथंच घोळ झाला होता.

तोंडी परीक्षेला अमरावतीहून एक परीक्षक बाई आल्या. सूची चाळत त्यांनी सहज विचारलं, सगळंच उपयुक्त असेल तर तू नवीन काय शोधलंस? गजालानं फक्त सरांकडे पाहिलं. ती पास झाली, पण सरांच्या जिवाला चैन पडेना. पोरीचा प्रश्न आपणच मारला, हे त्यांना आता कळून चुकलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत ते काळीपिवळीत बसून दर्यापूरला गेले. दादीचं, म्हणजे जैनबबींचं, सगळं बोलणं त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यायचं, असं वाटेतच ठरवलं होतं. गजालानं चहा ठेवला. दादी उन्हाळ्यातच वारल्या, असं तिनं सांगितलं. परीक्षेसाठी नसेल, पण घरात तू त्यांना कधी विचारलं असशीलच ना, असं सरांनी चाचरत विचारलं.

"नाही सर. दादी संदर्भ नाही होत, असं तुमीच म्हनलं होतं. मंग विचारून काय कराचं, असं वाटलं मले."

ती रागानं बोलली नव्हती, म्हणून ते जास्तच लागलं. सरांनी विचारलं, दादी जिनात नेमकं काय काम करायच्या?

"जिनात होती, सर," गजाला म्हणाली. "तेवढंच मालूम हाये."