फोनात राहिलेली किल्ली

रोह्याच्या मास्तरांना गाडी विकताना मी दोन्ही किल्ल्या मोजून दिल्या, नारळही फोडला. बाराव्या दिवशी पेणला घरी बसलो असताना फोनमधलं गाडीचं ॲप चुकून उघडलं, तर नकाशावर गाडी त्यांच्या दारात उभी दिसली. गाडीचं दार उघडायचं बटणही चालू होतं. मास्तरांना मी पाळत ठेवतोय असं वाटलं तर? तरी लगेच फोन करून सगळं सांगितलं.

"म्हणजे बारा दिवस तुम्ही आमच्याबरोबरच फिरताय व्हय?" मास्तर म्हणाले.

"आजच बघितलं हो."

ते हसले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मी ॲपमधून गाडी काढून टाकली, त्यांनी गाडीच्या पडद्यावरून माझं नाव.

"आता दिसतो का मी?" मास्तरांनी विचारलं.

"नाय."

"मग सासुरवाडीला जायला हरकत नाय!"