मोरॅगबाईंचं दुसरं नाव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुला सांगतोय.

साउथहॅम्प्टनला मी विसराळूपणाच्या आजाराचा डॉक्टर. मोरॅगबाई मूळच्या स्कॉटलंडच्या, ऐंशीच्या पुढच्या, इथल्या एका केअर होममध्ये राहायच्या. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, सिनेमात नटी होते. सात सिनेमे केले, मग लग्न झालं नि सुटलं सगळं. मी नंदीबैलासारखी मान डोलावली. नंतर फोनवर त्यांचं नाव टाकून पाहिलं — काही नाही. फाइलमध्ये लिहिलं: स्वतःला नटी समजतात. भ्रम.

आम्हा डॉक्टरांत पहिल्याने लिहिलेलं पुढचे सगळे उतरवून घेतात. भ्रमावरच्या गोळ्या मीच सुरू केल्या. बाई दिवसभर पेंगायला लागल्या. केअरर मुली त्यांना 'फिल्मस्टार' म्हणून हसायच्या.

मग एका रविवारी दुपारी शर्टांना इस्त्री करत होतो. टीव्हीवर जुना कृष्णधवल सिनेमा — आणि त्यात मोरॅगबाई! तीच हनुवटीवरची खळी, बोलताना डावी भुवई उचलायची तीच लकब. नाव तेवढं वेगळं. पडद्यावरचं.

माझी आई माहेरची कुसुम. लग्नात ताटातल्या तांदळावर बाबांनी अंगठीने नाव लिहिलं आणि ती माधवी झाली. कुसुम मला फक्त तिच्या शाळेच्या दाखल्यावर भेटली. बाईला आधीचं एक नाव असतं, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का?

फाइल दुरुस्त करायला दोन मिनिटं लागली असती. पण कन्सल्टंटच्या, म्हणजे वरच्या डॉक्टरच्या, जागेची मुलाखत पंधरा दिवसांवर होती. चुकीच्या निदानावर गोळ्या चारल्या, हे तेव्हा कोण सांगतं? मी गप्प बसलो. भित्रा — दुसरा शब्द नाही.

पुढच्या भेटीत त्यांनी माझी बाही धरली. "डॉक्टर, सापडला का हो माझा एखादा सिनेमा?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझी बाही सोडली. मग हळूच म्हणाल्या, "मग मलाच तसं वाटत असेल."

आजाराने त्यांचा पत्ता नेला होता, नवऱ्याचं नाव नेलं होतं. सिनेमा नेला नव्हता. तो मी नेला.

त्यानंतर त्यांनी तो विषय कधीच काढला नाही. त्याच हिवाळ्यात गेल्या. जागा मला मिळाली.

आणि त्या भेटीनंतर फाइलमध्ये मी काय लिहिलं, तेही ऐक — भ्रम ओसरला. औषधाला चांगला गुण.