चुकीच्या गावचा विल्यम

मार्गारेट बाई. नाव आधीच सांगून टाकतो, कारण आज मी जो काही आहे तो सगळ्यात जास्त त्यांच्यामुळे, आणि जे लिहितोय तेही त्यांच्याच बाबतीत घडलेलं आहे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही — बायकोला नाही, आईला नाही. गेल्या सोमवारी त्यांना एक पत्र टाकलं, तेवढंच. ते अजून पोचलंही नसेल.

बाई इंग्लंडमध्ये राहतात. खेड्यातल्या शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त. मी येवल्याजवळच्या खेड्यातला, घरातला पहिला बी.ए. नाशिकच्या एका कंपनीत जुन्या इंग्रजी नोंदी संगणकावर उतरवायच्या कामाला लागलो होतो. चर्चच्या वह्या — कोणाचा बाप्तिस्मा, कोणाचं लग्न, कोणाचं दफन — आणि जनगणनेचे कागद. वळणदार अक्षर, उडालेली शाई. आम्ही अर्धं अंदाजानेच टाइप करायचो. ते तपासायला तिकडे काही हौशी मंडळी होती, त्यांत बाई. माझ्या पहिल्याच पानात इतक्या चुका निघाल्या की मला वाटलं, नोकरी गेली. त्यांनी तक्रार केली नाही. एकेक अक्षर मोठं करून, त्याखाली आजचं अक्षर लिहून मला पाठवलं. मग दर आठवड्याला एक पान. दोन वर्षं. कोण करतं एवढं, न पाहिलेल्या माणसासाठी?

एकदा मी विचारलं, जनगणनेत धंद्याच्या रकान्यात सारखं ‘ॲग लॅब’ येतं ते काय? शेतमजूर, त्यांनी कळवलं. माझे पूर्वज सगळे तेच. मी लिहिलं — माझे वडीलही. त्या दिवसापासून ‘श्रीयुत’ गेलं आणि त्या मला नुसतं मिलिंद म्हणू लागल्या.

कंपनी बंद पडली तेव्हा त्यांनीच ओळखीच्या लोकांना माझं नाव सांगितलं. तेव्हापासून मी घरी बसून इंग्रज घराण्यांचे पूर्वज शोधून देतो. बहिणीचं शिक्षण त्यावर झालं, आईला गावाहून इकडे आणलं ते त्यावरच. शेजारचा रिक्षावाला यशवंत रोज टोमणा मारतो, “काय मिलिंदराव, आज कोन्या साहेबाचा पणजा घावला? आन् सोताचा कधी हुडकायचा?” स्वतःचा पणजोबा मला नावापुरता माहीत आहे. पंचवटीतल्या भटजींच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची घराणी आहेत. आमचं त्यांत नाही. असणारही नव्हतं.

मुद्द्यावर येतो म्हणतो आणि आधी दुसरंच सांगत बसतो — हे माझ्या लक्षात आलंय.

बाईंना स्वतःचा एक पूर्वज सापडत नव्हता. विल्यम कोव्हल, त्यांचा खापरपणजोबा. आयुष्यभर शोधत होत्या. लग्नाच्या नोंदीत त्याच्या बापाचं नाव होतं — जेम्स, मजूर. जनगणनेत जन्मगावाच्या जागी नुसतं परगण्याचं नाव. त्या वयाचे, जेम्सचे मुलगे असलेले दोन विल्यम मला मिळाले. एक मिडवेल गावचा, जेम्स आणि ॲन यांचा. दुसरा हेझलकोटचा, जेम्स आणि सुझन यांचा.

या दुसऱ्यात एक कोडं होतं. जेम्स आणि सुझन राहायचे तिसऱ्याच गावी, त्यांची बाकीची मुलं तिथेच झाली. मग थोरल्याचाच बाप्तिस्मा हेझलकोटला का? मी सुझनच्या लग्नाची नोंद काढली. ती हेझलकोटची मुलगी होती. मी खुर्चीतून उठलोच. आई लसूण सोलत बसली होती, तिला सांगितलं. ती म्हणाली, “पहिलटकरीण आईकडंच जाईन ना. गोरी झाली म्हणून काय झालं, तिला माहेर नाय का?”

झालं. जे बाईंना इतक्या वर्षांत सुटलं नाही ते आम्हा मायलेकांना एका मिनिटात सुटलं! कोडं सुटलं म्हणजे माणूसही सापडला, असं मी धरून चाललो. मिडवेलचा विल्यम बाजूला सारला — का? त्याच्यात सोडवण्यासारखं काही नव्हतं म्हणून.

बाईंनीच शिकवलेला एक नियम आहे. बाप्तिस्मा सापडला की लगेच आनंद मानायचा नाही. आधी दफनाची वही बघायची, मूल जगलं का ते. हेझलकोटच्या दफनाच्या वहीची छायाचित्रं तेव्हा आलेली नव्हती. थांबायला हवं होतं. पण बाईंचा ऐंशीवा वाढदिवस जवळ आला होता आणि मला तो अहवाल भेट म्हणून द्यायचा होता. माहेरच्या बाळंतपणाची चाल मी त्यात सविस्तर लिहिली. त्यांना ती फार आवडली. हे फक्त तुलाच सुचू शकलं असतं, असं त्यांनी लिहिलं. भेटेल त्याला त्या ते सांगायच्या.

दोन महिन्यांनी त्या हेझलकोटला जाऊन आल्या. मजुरांच्या कबरींवर दगड नसतात, त्यामुळे बघण्यासारखं काही नव्हतंच. चर्चच्या भिंतीपाशी तासभर उभी राहिले, एवढंच त्यांनी कळवलं.

वर्षभराने ती दफनाची वही आली. मी दुसऱ्याच घराण्याचं काम करत होतो. पान उलटलं आणि समोर ओळ — विल्यम कोव्हल, जेम्स आणि सुझन यांचा मुलगा, वय आठ महिने. मी ती तीनदा वाचली. वाचायला कठीण नव्हती. मग पान बंद केलं आणि बाहेर चहा प्यायला गेलो. सांगायचं राहून गेलं, असं मी स्वतःला बरेच दिवस म्हणत होतो. राहून जातं का असं?

इथवरची चूक म्हणा. पुढचं चूक नव्हतं.

काही महिन्यांनी बाईंचं पत्र आलं. त्यांना मूलबाळ नाही. मेल्यावर आपली राख हेझलकोटच्या चर्चच्या अंगणात पुरावी असं त्यांनी ठरवलं होतं. गावात न राहणाऱ्याला तिथे जागा हवी तर नातं दाखवावं लागतं. त्यांनी अर्जाला माझा अहवाल जोडला होता. शेवटी लिहिलं होतं — सही करण्याआधी शिक्षिकेच्या सवयीने विचारते, तुझी खात्री आहे ना?

मी त्याच दिवशी उत्तर दिलं. दोन ओळींचं. हो, पूर्ण खात्री आहे. दफनाच्या वह्याही पाहिल्या आहेत.

वह्या पाहिल्या होत्या. म्हणूनच ते वाक्य जास्त वाईट आहे. म्हातारीचं मन मोडू नये म्हणून, असं मी तेव्हा म्हटलं असतं, कुणी विचारलं असतं तर. पण मला भीती माझीच होती. त्यांनी ज्याचं कौतुक केलं तो मुलगा मला राहायचं होतं. घरात कधी कुणी इतकं शिकलेलं नव्हतं, इतकं नावाजलेलं नव्हतं — आणि ते नावाजणं एका मेलेल्या लेकराच्या नावावर उभं होतं.

याला तीन वर्षं झाली. मधल्या काळात आम्ही नेहमीसारखं लिहीत राहिलो, हवापाणी, तब्येत. गेल्या महिन्यात त्या वृद्धाश्रमात राहायला गेल्या. आता पडद्यावरचं वाचवत नाही, कागदावर लिहीत जा, असं शेजारणीकडून कळवलं. त्यात हेही होतं की जागा नक्की झाली आहे, काळजी मिटली.

सोमवारी टाकलेलं माझं पत्र इंग्रजीत होतं. मराठीत उतरवतो.

“प्रिय मार्गारेट बाई,

हेझलकोटचा विल्यम तुमचा खापरपणजोबा नाही. तो आठ महिन्यांचा असताना वारला. दफनाच्या वहीतल्या पानाची प्रत सोबत आहे, वरून सहावी ओळ.

तुमचा विल्यम मिडवेलचा असला पाहिजे, जेम्स आणि ॲन यांचा मुलगा. त्याच्या बाप्तिस्म्याची प्रत जोडली आहे. तिथल्या दफनाच्या वह्या त्याच्या लग्नाच्या वर्षापर्यंत तपासल्या. त्यांत तो नाही.

हे मला तीन वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. तुम्ही सही करण्याआधी विचारलंत तेव्हाही माहीत होतं. खात्री आहे असं मी लिहिलं, ते खोटं लिहिलं.

हेझलकोटच्या चर्चला मी काही कळवलेलं नाही. ते तुम्ही ठरवायचं.

मिडवेलच्या चर्चकडे चौकशी केली. तिथली दफनभूमी भरली म्हणून गेल्या वर्षी बंद झाली, आता राखेलाही जागा देत नाहीत. तुम्ही मला विचारलंत तेव्हा देत होते.

मिलिंद”