वर्षभर टिकणारा ज्यूस

नाशिककडे वाइनचे कारखाने नव्याने निघत होते, त्या वर्षांतली गोष्ट. रसायनशास्त्र शिकलेला माझा पुतण्या तिथल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागला. नोकरीचं नाव ऐकून एक स्थळ मोडलं, तेव्हा दादाने, म्हणजे त्याच्या वडिलांनी, जाहीर केलं की मुलगा ज्यूसच्या कंपनीत आहे. दादा निवृत्तीनंतरही घरात तोंडी आदेश काढत असे. आम्ही तो पाळला.

मग मोखाड्याला मुलगी बघायला गेलो. फोटोवरूनच ती पुतण्याला आवडली होती. जीपमध्ये त्याला दोनदा भांग सारखा करताना मी पाहिलं.

मुलीचे वडील शाळेत मास्तर. "कसला ज्यूस?"

"द्राक्षांचा," दादा म्हणाला.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "लहान मुलांनाही चालतो," मी म्हणालो. एवढं तर दादानेही सांगायला सांगितलं नव्हतं.

पोहे देऊन मुलगी बसली आणि तिने सरळ त्यालाच विचारलं, "तुम्ही तिथे काय करता?"

"मिश्रण बघतो. एका जातीची द्राक्षं सत्तर टक्के, दुसरीची तीस, असं."

"ते मोजतात कसं?"

पुतण्या खुलला. "मिसळण्याआधीच. प्रत्येक जातीची टाकी वेगळी. कुठल्या टाकीतून किती लिटर घेतलं, त्यावरून टक्के काढायचे. एकदा मिसळलं की जिभेला कळत नाही, यंत्रालाही नेमकं सांगता येत नाही. पुढे पिंपात घट येते, वरून भर घालतात, तीही धरावी लागते."

"पिंपात किती दिवस ठेवता?" मास्तरांनी विचारलं.

"वर्षभर."

"ज्यूस वर्षभर टिकतो?"

दादा खोकला. पुतण्याने बशी खाली ठेवली. "वाइन आहे, सर."

मुलगी हसली. मास्तर हसले नाहीत. "मुलाबद्दल माझी तक्रार नाही," ते आम्हा दोघांना म्हणाले. "पण मुलीला राहायचंय तुमच्या घरात." चहा मात्र त्यांनी आग्रहाने पाजला. तो संपता संपेना.

परतताना दादा जीपमध्ये फुटला. "तुला एवढं व्याख्यान द्यायला कुणी सांगितलं होतं?"

"तिने विचारलं होतं, बाबा."

पुढे जव्हार येईपर्यंत पुतण्या बाहेर बघत राहिला. अशा वेळी पाठीवर हात ठेवणं काकाचं काम. मी शेजारीच बसलो होतो. माझा हात उचलला गेला नाही.