सायटेशन मोजून पुरस्कार नको

आज शनिवार. सकाळी कॉलेजात तास घेतले, दुपारी विभागाची बैठक झाली.

माझे पती सुहास आमच्याच विभागात अर्थशास्त्र शिकवायचे. दिवाळीनंतर ते गेले. त्यांच्या नावाने विभाग दरवर्षी एका शोधनिबंधाला पुरस्कार देणार आहे. निवड कशी करायची, ते आज ठरायचं होतं.

विभागप्रमुख म्हणाले, "ज्याला जास्त सायटेशन, म्हणजे ज्याचे दाखले इतरांनी जास्त दिले, त्याला पुरस्कार. आकडा बघितला की वादच नाही."

मी बैठकीत सहसा बोलत नाही. आज बोलले. "सर, आमच्या यांच्याच निबंधाचे दाखले कोणी कसे दिलेत, ते आधी बघू या."

कुरुळीतल्या कंत्राटी कामगारांच्या ओव्हरटाइमवरचा तो निबंध. त्याचे दाखले आम्ही तिथेच उघडून पाहिले. बहुतेकांनी प्रस्तावनेत नुसतं नाव घेतलं होतं. एका संशोधक मुलीने मात्र कुरुळीत जाऊन कामगारांना पुन्हा विचारलं आणि यांचा निष्कर्ष चुकीचा ठरवला. आकड्यात सगळे दाखले सारखेच.

"मग काय मॅडम, चूक काढणारीला पुरस्कार द्यायचा?" सर हसले.

"यांनी तिलाच दिला असता. तिने निबंध शेवटपर्यंत वाचला तरी."

"म्हणजे आता आम्ही सगळे निबंध वाचत बसायचं?"

"हो सर. मी सुरुवात करते."

थोडी कुरकुर झाली, पण वाचूनच निवडायचं ठरलं. मला ते बरोबर वाटतं.

तुमच्याकडे संशोधनाचा दर्जा कसा ठरवतात? ठरवणारे वाचतात का?

संध्याकाळी थेरगावला घरी आले. चहा केला, चष्मा पुसला आणि पहिला निबंध वाचायला घेतला.