दोन दगडांचा अर्ज

पुण्यातल्या अभ्यासिकेत मी चार वर्षं स्पर्धा परीक्षांची तयारी केली आणि तिथे एक गोष्ट अंगात मुरवून घेतली: उत्तरात कुणाला दुखवायचं नाही. प्रस्तावना, पार्श्वभूमी, कारणं, परिणाम, मग दोन्ही बाजू सारख्याच मापाने मांडायच्या आणि शेवटी सगळ्यांना पटेल असा उपसंहार करायचा. पेपर तपासणारा कुठल्या विचारांचा आहे हे माहीत नसतं, मग उगाच गुण कशाला घालवा? परीक्षेत काही यश आलं नाही. सवय तेवढी घेऊन मी हायडेलबर्गला इतिहासात एम.ए. करायला आले.

पहिल्याच सेमिस्टरला शोधनिबंध लिहायचा होता. मी विषय घेतला हॅम्बर्ग बंदरात शंभरएक वर्षांपूर्वी येणाऱ्या भारतीय खलाशांचा. पाच प्रकरणांचा आराखडा केला, प्रत्येकाखाली मुद्दे, मुद्द्यांखाली उपमुद्दे, आणि तो घेऊन प्रोफेसर बाईंना भेटायला गेले. बाई आता पाठ थोपटणार अशी माझी पक्की समजूत होती.

बाईंनी शेवटपर्यंत वाचलं. "आल्झो, म्हणजे असं बघा, चूक यात काहीच नाही," त्या म्हणाल्या. "पण तुमचं म्हणणं काय आहे?"

मी उपसंहारावर बोट ठेवलं. खलाशांना त्रास झाला, मात्र काही फायदेही झाले.

"याच्याशी भांडेल असा एक माणूस मला दाखवा," त्या म्हणाल्या. "कुणी भांडणारच नसेल तर हे लिहायचं कशाला? सहा आठवडे घ्या. तुमचं म्हणणं एका वाक्यात घेऊन या. त्या वाक्याशिवाय मी निबंध घेणार नाही."

निबंध नाही तर सेमिनार गेला, म्हणजे आणखी एक वर्ष पाण्यात. मला राग आला. घरी जाताना ट्राममध्ये मनातल्या मनात बाईंना बरंच काही ऐकवलं. पण रागाच्या खाली भीती होती. इतकी वर्षं इतिहास वाचला आणि माझं स्वतःचं असं एक वाक्य माझ्याकडे नव्हतं.

म्हणून मी हॅम्बर्गला आर्काइव्हमध्ये गेले. तिथे बॅग बाहेर ठेवायची, पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. बंदरातल्या खलाशांच्या वसतिगृहाची एक जाडजूड फाइल माझ्यापुढे आली. जुनं जर्मन हस्ताक्षर मला जेमतेम वाचता यायचं, एकेक पान लावण्यात अर्धी सकाळ जायची. दोन दिवस नुसते चादरींचे आणि कोळशाचे हिशेब.

तिसऱ्या दिवशी एक अर्ज सापडला. खलाशांच्या मुकादमाने, म्हणजे सारंगाने, कुणाकडून तरी जर्मनमध्ये लिहून घेतलेला. वसतिगृहात दोन दगड आणायची परवानगी मागितली होती. एक सपाट, एक लांबट गोल. खाली कारकुनाने लिहिलं होतं: कशासाठी ते समजत नाही. नामंजूर.

मला समजत होतं. तो पाटा-वरवंटा होता.

त्या शांत खोलीत, बाहेर पाऊस लागलेला असताना, मला वाटण वाटल्याचा आवाज ऐकू यायला लागला. त्या कारकुनाला जे कळलं नव्हतं ते शंभर वर्षांनी मला, एका पुणेकरणीला, एका नजरेत कळलं होतं. मी कितीतरी वेळ पान उलटलंच नाही.

पुढे दुसरा अर्ज होता. नामंजूर. मग तिसरा, आणि त्याला जोडून स्वयंपाकघराची तक्रार की सगळीच माणसं हात न लावता ताटं परत पाठवतात. चौथ्या अर्जावर शेरा होता: मंजूर, फक्त तळमजल्यावर, फक्त दिवसा, रविवारी नाही. मला हसू आलं. माझ्या मिक्सरलाही घरमालकीणबाईंनी हीच अट घातली आहे.

परतीच्या गाडीत वाक्य सुचलं. हॅम्बर्ग बंदरातले भारतीय खलाशी पदरी पडेल ते सोसत नव्हते, ते एकजुटीने आणि चिकाटीने आपल्या अटी मंजूर करून घेत होते. एवढंच. पण ते लिहिल्यावर सगळा निबंध आपोआप हलायला लागला याचं मला अजून नवल वाटतं. चार अर्जांची चार प्रकरणं झाली. पार्श्वभूमी अर्ध्या पानावर आली. फायदे-तोटे कापताना जिवावर आलं, पण त्यांना त्या वाक्याखाली जागाच उरली नव्हती. बाईंनी वाक्य वाचलं, "गेनाऊ", म्हणजे अगदी असंच, म्हणाल्या आणि मान डोलावली.

निबंध तपासून परत आला. गुण उत्तम होते. त्या वाक्याशेजारी मात्र समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: "मला हे पटत नाही. चार अर्ज म्हणजे एकजूट नव्हे, एकटा सारंगच हट्टी असेल. या, भांडू."

मी ते तीनदा वाचलं. मग तिथेच कॉरिडॉरमधल्या बाकावर बसले, पेन्सिल काढली आणि त्यांच्या अक्षराखाली उत्तर लिहायला घेतलं: ताटं एकट्या सारंगाने परत पाठवली नव्हती.