देशपांडेची दाद

त्या दिवशी कार्डिफच्या हॉलमध्ये ‘वा!’ असं देशपांडे ओरडला नव्हता. मी ओरडलो होतो.

हे एक वाक्य लिहायला मला नऊ वर्षं लागली. (त्याआधी चाळीस वर्षं डॉक्टरकी केली. लोकांना वाईट बातम्या सांगण्यात मी तरबेज होतो. फक्त त्या दुसऱ्यांच्या असायच्या.)

आमची सून आयको कोटो वाजवते. संतूरच्या लांबच्या मावशीसारखं दिसणारं हे तारांचं जपानी वाद्य तिला तिच्या आजीनं शिकवलं. आजी जपानमध्ये अंथरुणाला खिळलेली. म्हणून आमचे व्याही मुद्दाम रेकॉर्डर घेऊन आले होते. नातीची पहिली मैफल आजीला ऐकवायची, एवढ्यासाठी!

हॉलमध्ये बहुतेक जपानी मंडळी. आम्ही तिघं शेवटच्या रांगेत: मी, ही आणि माझा मित्र देशपांडे. देशपांडे निवृत्त भूलतज्ज्ञ. आयुष्यभर दुसऱ्यांना झोपवून तो आता स्वतःची झोप वसूल करत होता. दुसऱ्याच मिनिटाला त्याची मान पडली.

बाकी सगळे पुतळे! कुणी मान हलवेना, कुणी चुटकी वाजवेना. पुढच्या बाईंना खोकला आला, तर त्यांनी तो रुमालात धरून ठेवला. मी मांडीवर ताल धरला, तशी ही कुजबुजली, “अहो, हात आवरा!”

आयकोनं शेवटची तार छेडली आणि हात हवेतच ठेवला. टाळ्या नाहीत. मी तीनपर्यंत मोजलं. तरी नाहीत! म्हटलं, संपलं! पोरीचं वाजवणं कुणालाच आवडलेलं दिसत नाही, आणि तेही तिच्या वडिलांसमोर! सासरा म्हणून माझं काही कर्तव्य? मी उठून उभाच राहिलो.

“वा! क्या बात है! वन्स मोअर!”

माझ्या आवाजानं देशपांडे दचकून जागा झाला आणि थेट उभाच राहिला. मी तोवर खाली बसलो होतो. सगळा हॉल मागे वळला, तेव्हा उभा होता तो एकटा देशपांडे.

आमचा मुलगा निखिल पुढून धावत आला. “काका, लास्ट नोट पूर्ण विरेपर्यंत ते क्लॅप नाही करत! तोपर्यंत ते ऐकत असतात. आजीला तोच भाग ऐकायचा होता!”

देशपांडे गोंधळून म्हणाला, “मी ओरडलो? सॉरी रे! झोपेत बडबडतो मी, काकू नेहमी म्हणते तुझी.”

“म्हणते खरं,” मी म्हणालो. (माझ्या आयुष्यातले सर्वांत नीच दोन शब्द!) हिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. देशपांडेनं व्याह्यांसमोर वाकून माफी मागितली. व्याही त्याहून खाली वाकले. मग देशपांडे आणखी खाली. शेवटी त्याला मी आणि निखिलनं धरून सरळ केलं.

महिन्याभरानं आजीचं पत्र आलं. देशपांडेच्या नावानं! आयकोनं ते निखिलच्या मदतीनं मराठीत वाचून दाखवलं: “माझ्या नातीचं वाजवणं ऐकून ज्याला राहवलं नाही, त्या गृहस्थाचे आभार. तो आवाज मी रोज ऐकते.”

आता आली का पंचाईत! काल कबूल केलं असतं तर गुन्हा ठरला असता. आज कबूल करायचं, तर श्रेय लाटल्यासारखं!

देशपांडेनं पत्र फ्रेम करून लावलं. कार्यक्रमांना पहिल्या रांगेत बसायला लागला.

गेल्या रविवारी धीर करून त्याच्याकडे गेलो. म्हटलं, “देशपांडे, मला माफ कर. त्या दिवशी कोटो संपल्यावर मी...”

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“तू नुसताच बसून राहिलास, म्हणून इतकी वर्षं मनाला लावून घेतलंस? सोड रे. अशी दाद सगळ्यांनाच नाही जमत.”

मी चहा प्यायलो आणि घरी आलो.